ट्रंपेटला शेवट ठाऊक नव्हता

पॅरिसच्या शाँझेलिझेवरून एक स्त्री रात्री एकटीच चालते आहे. ज्याची ती वाट पाहत होती तो आलेला नाही. उलट त्याची मोटार तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि आत दुसरीच एक मुलगी बसलेली तिला दिसली. ती बारमध्ये डोकावते, ओळखीच्यांना विचारते, मोटारींच्या मधून रस्ता ओलांडते, स्वतःशीच काही पुटपुटते. लुई मालच्या ‘एलिव्हेटर टू द गॅलोज’ या १९५८ सालच्या फ्रेंच चित्रपटातील हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन याची मोजदाद नाही. पण अलीकडे एका रात्री मी तो दोन वेगळ्या रीतींनी अनुभवला. आधी आवाज पूर्ण बंद करून तो नुसता पाहिला आणि मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकला.

आवाज बंद केल्यावर त्या स्त्रीच्या भूमिकेतल्या जान मोरोचा चेहरा फक्त थकलेला वाटला. आंरी दकाए या छायाचित्रकाराने हे चित्रीकरण रस्त्यावरच, दुकानांच्या काचांतून सांडणाऱ्या उजेडात, बाबागाडीत ठेवलेल्या कॅमेऱ्याने केले होते. चेहऱ्यावर प्रकाश येतो तो दुकान आले की, आणि जातो तो दुकान सरले की. या बाईला दुःख झाले आहे असे नुसते पाहून मला खात्रीने सांगता आले नसते. नुसते ऐकले तेव्हा तर आणखी नवल वाटले, कारण पार्श्वसंगीतातले माइल्स डेव्हिस या जॅझवादकाचे ट्रंपेट माझ्या आठवणीत होते तितके शोकाकुल मुळीच नव्हते. ते एक वाक्य उचलते, थोडे पुढे नेते आणि मागून कोणी नाव घेऊन हाक मारावी तसे मध्येच थबकते. मग काही क्षण बास आणि ड्रम्स तेवढे चालत राहतात. इतकी वर्षे मी ज्याला त्या प्रसंगातले दुःख म्हणत आलो ते धड चित्रात नव्हते आणि धड संगीतातही नव्हते. दोन्ही एकत्र आल्यावर ते माझ्याच मनात तयार होत होते.

हे संगीत कसे घडले ती हकिगत जॅझच्या रसिकांना परिचित आहे, तरी ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ४ डिसेंबर १९५७च्या रात्री पॅरिसमधील ‘ल पोस्त पारिझियें’ या स्टुडिओत पाच वादक जमले. डेव्हिस तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि दिग्दर्शक माल पंचवीस वर्षांचा. ड्रम्सवर पॅरिसमध्ये स्थायिक झालेला अमेरिकन केनी क्लार्क होता. बार्नी विलें सॅक्सोफोनवर, रने उर्त्रेजे पियानोवर आणि पिएर मिशलो बासवर, हे तिघे फ्रेंच होते. चित्रपटातील निवडक तुकडे पडद्यावर पुन्हापुन्हा दाखवले जात होते आणि त्यांच्याकडे पाहत हे पाच जण वाजवत होते. हाती लिहिलेले जवळजवळ काहीच नव्हते. मोजके स्वरमेळ आणि ठरवलेली लय, एवढ्या शिदोरीवर सगळे काम पहाटेपर्यंत संपले. या चित्रपटात एकूण संगीत वीस मिनिटांचेही नाही. इमारतीचा पहारेकरी फेरी मारतो त्या प्रसंगाच्या तुकड्यात ट्रंपेटही नाही. फक्त बास आणि ड्रम्स आहेत, आणि तेवढ्याने घशाला कोरड पडते.

चित्रपटाचे पार्श्वसंगीत सहसा असे तयार होत नाही. संकलित झालेला चित्रपट संगीतकाराच्या हाती येतो. कोणता प्रसंग किती सेकंदांचा, दार कितव्या सेकंदाला उघडते, सुरा कितव्या सेकंदाला चमकतो याच्या नोंदी तयार होतात. मग वादकांच्या कानात ‘क्लिक ट्रॅक’ची टकटक चालू असते आणि वाद्यवृंद त्या टकटकीला धरून वाजवतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे एक चौकट सुमारे ४२ मिलिसेकंदांची. जॅझचा चांगला ड्रमर ठोक्याच्या केसभर मागे रेलून वाजवतो तेव्हा तो साधारण एवढ्याच अंतरात खेळत असतो, आणि टकटकीला बांधले की नेमके तेच अंतर हातचे जाते. पण मला याहून मोठी वाटणारी अडचण वेगळी आहे. लिहिलेल्या संगीताला शेवट ठाऊक असतो. खून कोणी केला, पत्र कोणाच्या हाती पडणार, नायिका स्टेशनवर वेळेत पोहोचणार की नाही, हे सगळे संगीतकाराला आधीच कळलेले असते, आणि दार उघडण्यापूर्वीच व्हायोलिने थरथरू लागून प्रेक्षकाच्या कानाशी चुगली करतात. उत्तम संगीतकार ही चुगली फार खुबीने करतो, इतकेच.

माइल्स डेव्हिसलाही कथा ठाऊक होतीच. मालने त्याला चित्रपट आधी दाखवला होता. परंतु इथे प्रश्न कथेचा नाही, पुढच्या मात्रेचा आहे. आपण उचललेले वाक्य कुठे नेऊन ठेवायचे, पियानो आता काय बोलेल, समेवर यायचे की तिला हुलकावणी देऊन आणखी एक आवर्तन घ्यायचे, हे त्या क्षणी त्याला ठाऊक नसते आणि ते ठाऊक नसणे हाच त्याच्या कलेचा प्राण असतो. चौकात उभ्या राहिलेल्या मोरोला डावीकडे वळावे की उजवीकडे हे कळत नाही, तेव्हा ट्रंपेटलाही ते कळत नाही. दोघांचे अज्ञान एका जातीचे आहे. मला आवडणारे चित्रपटातले जॅझ आठवू लागलो की प्रत्येक वेळी याच ठिकाणी येऊन पोहोचतो.

अमेरिकी चित्रपटाला मात्र जॅझमधली ही गोष्ट फार उशिरा दिसली. १९२७ सालच्या ज्या ‘जॅझ सिंगर’ने बोलपटाचे युग आणले त्याच्या नावात जॅझ आहे, पण चित्रपटात ते औषधापुरतेच सापडते. पुढची दोन दशके जॅझ पडद्यावर असे ते बहुतेक क्लबातल्या मंचावर, पात्रांनाही ऐकू येणारे. पात्रे क्लबातून बाहेर पडली की दार लागे आणि पुन्हा सिंफनीचा वाद्यवृंद सुरू होई. १९५१ साली ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थने जॅझ त्या दाराबाहेर काढले आणि पात्रांच्या अंगात भिनवले. त्याचे परिणाम लगेच दिसले. नवऱ्याची मार खाऊनही त्याच्या हाकेसरशी जिना उतरून येणाऱ्या स्टेलाचा जो प्रसंग आहे, त्यावर ‘लीजन ऑफ डिसेन्सी’ या चित्रपटांच्या नीतिमत्तेवर पहारा ठेवणाऱ्या कॅथलिक संघटनेने आक्षेप घेतला. चेहऱ्याची काही जवळून घेतलेली दृश्ये कापण्यात आली आणि त्याबरोबर नॉर्थचे संगीत काढून त्या जागी सोवळे संगीत बसवण्यात आले. मूळ रूप प्रेक्षकांसमोर आले ते १९९३ साली. त्या आक्षेप घेणाऱ्यांबद्दल माझ्या मनात नाइलाजाने थोडा आदर आहे. पार्श्वसंगीत ही शोभेची वस्तू आहे असे समजणाऱ्या कित्येक समीक्षकांपेक्षा त्यांचे कान अधिक तिखट होते. ती स्त्री जिन्यावर काय अनुभवते आहे हे संगीत सांगून टाकते, हे त्यांना बरोबर ऐकू आले होते.

त्यानंतर दार उघडले खरे, पण जॅझ आत आले ते गुन्हेगारांच्या रांगेतून. ओटो प्रेमिंजरच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’मध्ये (१९५५) फ्रँक सिनात्राने रंगवलेला नायक हेरॉइनच्या आहारी गेलेला आणि ड्रमर होऊ पाहणारा, एल्मर बर्नस्टाइनच्या संगीतातली ब्रासची आरोळी म्हणजे जणू त्याच्या शिरेत शिरणारी सुईच. चित्रपट व्यसनाबद्दल असल्याने हॉलिवूडच्या आचारसंहितेची मान्यता त्याला नाकारण्यात आली आणि तो तिच्याशिवाय प्रदर्शित झाला. तीन वर्षांनी ‘आय वाँट टू लिव्ह!’मध्ये जॉनी मँडेलचे जॅझ एका स्त्रीला गॅस चेंबरपर्यंत सोबत करते. दोन्ही संगीते दणकट आहेत, मी ती आजही आवडीने ऐकतो. तक्रार आहे ती त्यांच्या मागोमाग पडलेल्या पायंड्याबद्दल. सॅक्सोफोन वाजला की समजावे, कोणाचे तरी पाऊल वाकडे पडणार आहे. ज्या कलेसाठी माणसे वर्षानुवर्षे दिवसाचे तासन्‌तास रियाज करतात, ती पडद्यावर मात्र घसरणीची पाटी होऊन बसली, आणि ही कला मुख्यतः कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेली होती हे ध्यानात घेतले की त्या पाटीवरची अक्षरे आणखी टोचतात. अपवाद म्हणून ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ (१९५७) डोळ्यांपुढे ठेवावा. त्यात चिको हॅमिल्टनचा चेलोसह पाच वाद्यांचा संच प्रत्यक्ष दिसतो आणि त्या संचात गिटार वाजवणारा तरुण हाच चित्रपटातला सरळ माणूस आहे. घाण आहे ती वृत्तपत्राच्या स्तंभलेखकाच्या टेबलावर, आणि गांजा तरुणाच्या कोटाच्या खिशात कटाने ठेवला जातो.

इथे मला माझ्याच एका खोट्या आठवणीची कबुली दिली पाहिजे. चाळीसच्या दशकातले काळोखे गुन्हेपट, ज्यांना आपण ‘फिल्म न्वार’ म्हणतो, त्यांचे संगीत म्हणजे दूरवरून येणारा एकाकी सॅक्सोफोन, अशी माझी पक्की समजूत होती. ‘डबल इंडेम्निटी’मध्ये (१९४४) बार्बरा स्टॅनविक पायातली साखळी मिरवत जिना उतरते तेव्हा तो वाजतो, असे मी शपथेवर सांगितले असते. पुन्हा पाहिला तेव्हा तिथे सॅक्सोफोनचा मागमूसही नव्हता. होता तो मिक्लोश रोझाचा जडशीळ सिंफनी वाद्यवृंद. ‘द बिग स्लीप’मध्ये संगीत मॅक्स स्टायनरचे, तिथेही तीच गत. त्या काळात जॅझ भेटते ते ‘फँटम लेडी’तल्या (१९४४) तळघरातल्या त्या प्रसंगासारखे, जिथे वादकांची मैफल तापत जाते, घामाने निथळणारा ड्रमर समोरच्या स्त्रीकडे पाहत बेभान होतो आणि कॅमेरा तिरका होतो. प्रसंग संपला की जॅझही संपते.

मग तो सॅक्सोफोन माझ्या कानात आला कुठून? पन्नाशीच्या अखेरीच्या दूरचित्रवाणीवरील गुप्तहेरांनी तो थोडा आणला. ‘पीटर गन’ची हेन्री मॅन्सिनीची धून १९५८ची. पण खरे काम केले सत्तरच्या दशकाने. ‘चायनाटाउन’साठी (१९७४) आधी तयार झालेले संगीत नापसंत ठरल्यावर जेरी गोल्डस्मिथने दहा दिवसांत नवे संगीत केले, चार पियानो, चार हार्प, तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि या सगळ्यावर युआन रेझीचे एकटे ट्रंपेट, अशी त्याची विलक्षण मांडणी होती. १९३७ सालचे लॉस एंजेलिस असे ऐकू येत असावे असे १९७४ साली कोणाला तरी वाटले, आणि आता आपल्याला ते दुसऱ्या कुठल्याच आवाजात ऐकू येत नाही. दोन वर्षांनी ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये बर्नार्ड हरमनने न्यू यॉर्कच्या रात्रीवर आल्टो सॅक्सोफोन सोडला. त्याचे ध्वनिमुद्रण संपवून तो हॉटेलात परतला आणि २४ डिसेंबर १९७५ रोजी झोपेतच गेला. ही दोन्ही संगीते मागे वळून पाहणारी आहेत. न्वारने जॅझ वापरले ते प्रामुख्याने आपल्या आठवणीत, आणि ती आठवण दुसऱ्यांनी आपल्यासाठी मागाहून ध्वनिमुद्रित करून ठेवली होती.

जॅझवरची घसरणीची ती पाटी पुसण्याचे काम पुन्हा प्रेमिंजरच्याच हातून झाले, ही गंमत आहे. ‘अ‍ॅनाटमी ऑफ अ मर्डर’साठी (१९५९) त्याने ड्यूक एलिंग्टनला बोलावले. खून, बलात्कार, कोर्ट असा सगळा मालमसाला असूनही एलिंग्टनचे संगीत त्यातल्या कशाच्याही मागे लागत नाही. ते चिकटते मिशिगनमधल्या एका छोट्या गावच्या वकिलाला, ज्याला अशिलांपेक्षा मासेमारीत अधिक रस आहे आणि जो फावल्या वेळी पियानोवर बोटे फिरवतो. खटल्याच्या लांबलचक दृश्यांत संगीत जवळजवळ गप्प बसते. साक्षीदार खरे बोलतो आहे का, हे प्रेक्षकाला सांगायला ते नकार देते. शेवटपर्यंत काहीच निश्चित न कळणाऱ्या या खटल्याला असेच संगीत हवे होते. एलिंग्टन आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांच्या या कामाला तीन ग्रॅमी मिळाली. ऑस्करची सात नामांकने मिळवणाऱ्या त्या चित्रपटाला संगीताचे नामांकन मात्र नव्हते.

त्याच सुमारास न्यू यॉर्कमध्ये जॉन कॅसाव्हेट्स ‘शॅडोज’ करत होता. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर अक्षरे येतात, की तुम्ही आत्ता पाहिले ते उत्स्फूर्त होते. त्याला संगीतही तसेच हवे होते आणि म्हणून त्याने चार्ल्स मिंगस या जॅझवादकाला गाठले. पण मिंगस लिहीत बसला. त्याला सुरांची वीण नीट घालायची होती, वेळ हवा होता, आणि दिग्दर्शकाला हवी होती झटपट उमटलेली प्रतिक्रिया. अखेर चित्रपटात मुख्यतः ऐकू येतो तो शफी हादीचा एकटा सॅक्सोफोन. दुसरीकडे, उत्स्फूर्त म्हणवणाऱ्या त्या चित्रपटाचा बराच भाग पहिल्या प्रदर्शनानंतर लेखी संवादांवरून पुन्हा चित्रित झालेला होता. म्हणजे जॅझचा वादक लिहू पाहत होता आणि चित्रपटवाला लिहिलेले लपवत होता! जॅझ म्हणजे मनात येईल ते वाजवणे, हा समज किती पोकळ आहे हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या हकिगतीने अधिक नीट शिकवले.

जॅझवादकांच्याच आयुष्यावरचे चित्रपट हा वेगळा प्रांत आहे आणि त्यातल्या बऱ्याच चित्रपटांवरून मी भराभर पुढे जाईन. दोनांपाशी मात्र थांबावे लागते, कारण त्यांनी एकाच प्रश्नाला दोन उलटी उत्तरे दिली. बर्त्राँ ताव्हर्निएच्या ‘राउंड मिडनाइट’मध्ये (१९८६) नायकाची भूमिका डेक्स्टर गॉर्डन या खऱ्याखुऱ्या सॅक्सोफोनवादकाने केली आणि संगीत चित्रीकरणाच्या वेळीच, कॅमेऱ्यासमोर वाजवले गेले. गॉर्डनचा श्वास पुरत नाही तेव्हा तो खरोखरच पुरत नाही. वाक्य अर्धे सोडून तो ओठ पुसतो आणि बाकीचे त्याची वाट पाहतात. त्याला अभिनयासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, हर्बी हँकॉकला संगीतासाठी ऑस्कर मिळाले.

क्लिंट ईस्टवुडच्या ‘बर्ड’मध्ये (१९८८) चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाची भूमिका फॉरेस्ट व्हिटकरने केली, पण सॅक्सोफोन पार्करचाच आहे. त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्याचे वादन इलेक्ट्रॉनिक तंत्राने वेगळे काढण्यात आले आणि नव्या वादकांनी नव्याने साथ वाजवून त्याभोवती बसवली. ध्वनीसाठीचे ऑस्कर त्या चित्रपटाला मिळाले आणि त्यातल्या कसबाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरीही हेडफोन लावून ऐकताना मी अस्वस्थ होतो. १९५५ साली वारलेल्या पार्करने त्याआधी कधीतरी एक तान फेकली ती शेजारच्या ड्रमरने मारलेल्या एखाद्या ठोक्याला उत्तर म्हणून. आता तो ठोका पुसलेला आहे आणि उत्तर तेवढे उरले आहे. नवे वादक अतिशय हुशार आहेत, ते त्या उत्तराला शोभेल असा प्रश्न मागाहून तयार करतात. त्यांना पार्कर ऐकू येतो, पार्करला ते ऐकू येत नाहीत. टेलिफोनवर एका बाजूचे बोलणे ऐकून दुसरी बाजू कल्पनेने भरून काढावी, तसे हे जॅझ आहे. इथे शेवट ठाऊक आहे तो सगळ्यांना. ठाऊक नाही तो फक्त मेलेल्या माणसाला.

अलीकडच्या चित्रपटांत ‘बर्डमॅन’ने (२०१४) मला पुन्हा कान टवकारायला लावले. अँटोनिओ सांचेझचे नुसते ड्रम्स, दुसरे वाद्य नाही. दिग्दर्शक इन्यारितू त्याच्यासमोर बसून प्रसंग मनातल्या मनात घडवत असे आणि पात्राने दार उघडले की हात वर करत असे. सांचेझ त्या हाताकडे पाहून वळण घेई. मधूनच पात्रे एखाद्या बोळातून जातात आणि तिथे ड्रमर प्रत्यक्ष बसलेला दिसतो, जणू पार्श्वसंगीतालाच कोणी रंगेहाथ पकडले. चित्रपटात जुने अभिजात संगीतही बरेच असल्याच्या कारणावरून ऑस्करने हे संगीत स्पर्धेतून बाद ठरवले. त्याच वर्षीचा ‘व्हिपलॅश’ ड्रम्सभोवतीच फिरतो, पण त्यात जॅझ ही कुस्ती आहे, आणि एकमेकांचे ऐकणारे दोन वादक त्यात मला शोधूनही सापडले नाहीत.

मालच्या चित्रपटाचे सर्व ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाले. एकाच प्रसंगासाठी त्या रात्री पुन्हापुन्हा वाजवलेले, चित्रपटात न घेतलेले तुकडेही त्यात आहेत. ते ऐकताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की चित्रपटातल्या ट्रंपेटभोवती जे रिकामे, ओले अंतर जाणवते ते बऱ्याच अंशी नंतर मिसळलेल्या प्रतिध्वनीचे आहे. मूळ तुकड्यांत वादक अगदी जवळ, कोरड्या खोलीत उभा आहे आणि त्याचा श्वास घेतलेला कळतो. त्या रात्री मी शेवटी आणखी एक खटाटोप केला. मोरोचे चालणे मुके करून लावले आणि सोबत न वापरलेला एक तुकडा सुरू केला. पहिल्या वेळी ट्रंपेटचे वाक्य नेमके तिने मान वळवली तिथे संपले आणि मी दचकलो. पुन्हा सुरू केला तेव्हा माझे बोट क्षणभर उशिरा पडले असावे. ती मान वळवून पुढे निघाली होती, दुकान सरले होते, चेहऱ्यावर अंधार आला होता आणि ट्रंपेट अजून वाक्याच्या मध्येच होते.